यात समाविष्ट नाही

पर्वरीच्या हमरस्त्यालगत, काचेच्या शोरूममध्ये
मेल्विन माझ्यापुढे दोन कागद ठेवतो.
एक गाडीचा. तो मी वाचलाय.
दुसरा, गाडी बिघडेल त्या दिवसाचा.

“पात्रांव, अठरा हजार पाचशे फक्त.
दोन वर्षं डोक्याला ताप नाही.”

वीज खात्यात तेहतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
मीटरच्या अलीकडे तुटली तर तार आमची,
पलीकडे तुटली तर तुमची.
त्यामुळे मला बारीक अक्षरंच आधी दिसतात.

इंजिन, होय. गिअरबॉक्स, होय.
क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी, रबराचं जे जे काही, नाही.
पुराचं पाणी, नाही.
उंदरांनी कुरतडलेली वायर, नाही.
गंज, नाही.

“गंज नाही?”
मेल्विन एसीचा रिमोट उगाच उलटा करून बघतो.

मी चोडणचा माणूस.
माझी गाडी रोज दोनदा फेरीत चढणार,
भरतीच्या वेळी रॅम्पवरचं खारं पाणी
पोटाला लावून घरी येणार.
आमच्या गेटचा कोयंडा दर चवथीला नवा लागतो.
गंज सोडून मला दुसरी भीती नाही
आणि नेमकी तीच यांच्या यादीत खाली, शेवटून दुसरी.

रायबंदरचा इनास गाडीखाली पाठीवर झोपला.
पर्राचं कलिंगड वाजवून घ्यावं
तसा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ वाजवत गेला
आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला,
“इंजीन बरें आसा. तिसऱ्यार मात्शी खोंकता.”
म्हटलं, वॉरंटी घेऊ?
तो हसला. त्याचा एक दात कधीचा गेलाय,
त्या फटीतून हसला.

आधीचे मालक मडगावकडचे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून
पोराबाळांसकट स्विंडनला गेले.
डॅशबोर्डच्या खणात फेस्ताचं एक पत्रक राहिलंय,
एक गुलाबी हेअरक्लिप,
आणि सीटखाली वाळू.
शोरूमवाल्यांच्या व्हॅक्यूमला न जुमानलेली
सात रविवारच्या संध्याकाळांची, की सत्तर, की किती.
ती मी अजून झाडली नाही.

रात्री शालन पेज वाढता वाढता म्हणाली,
“मिक्सरची वॉरंटी तेरा मार्चला संपली,
मिक्सर जळला पंधराला.
टीव्हीची घेतली होतीस मोठ्या हौसेने,
तो अजून चालतोय, म्हणून तुला त्याचा राग येतो.”
मग खारातल्या कैरीची फोड ताटात टाकून,
“घे नाहीतर नको घेऊ. पण रात्रभर कूस बदलू नकोस.”

कूस बदलली. पहाटे नाही म्हणायचं ठरलं.
मेल्विनला फोन केला तेव्हा तो जराही नाराज झाला नाही,
याचंच मला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

अठरा हजार पाचशे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले,
वर चिकटपट्टी लावून लिहिलं, गाडी.
जूनमध्ये शालनची दाढ.
ऑगस्टमध्ये विहिरीचा पंप.
मग भाच्याच्या लग्नात आहेराचं पाकीट,
ते तर मी डबा न उघडता हिशोबातच उघडलं होतं.
आता आत साडेतीनशे रुपये आणि एक रबरबँड.
चिकटपट्टी मात्र घट्ट आहे.

संध्याकाळी सव्वासहाची फेरी.
रायबंदरच्या उतारावर गाडी तिसऱ्यावर खोकते,
मी तिच्याबरोबर घसा खाकरतो.
फेरीवरचा विश्राम आवाजावरून ओळखतो,
मान वर न करता जागा दाखवतो,
मी हँडब्रेक ओढतो.
तो चाकामागे लाकडाचा ठोकळा
पायानेच सरकवतो,
रेलिंगला टेकतो, मोबाइल बघतो.

फेरी सुटते. मांडवी खालून हलकेच ढकलते.
हँडब्रेक नीट लागलाय, मला माहीत आहे.
तरी खिडकीतून मान काढून
एकदा ठोकळ्याकडे बघतो.